अंगावर काढणारी

जुन्या घरांत एखादी आत्या अशी असायचीच. अंगात ताप आहे, तरी पंगत वाढते आहे. कुणी विचारलंच तर "काही नाही रे, जरा कणकण आहे" म्हणून पुन्हा ओट्याशी. लॅपटॉपमधली हार्डडिस्क याच वळणाची. दुखणं अंगावर काढणं हा तिचा मूळ स्वभाव, आणि शेवटी जी धावपळ होते तिच्यातली निम्मी या स्वभावामुळेच होते.

तिच्या तबकडीवर माहितीसाठी बारीक बारीक कप्पे पाडलेले असतात, त्यांना सेक्टर म्हणतात. ५०० जीबीची साधी डिस्क घेतली, तर ५१२ बाइटचा एक असे ९७ कोटी ६७ लाख ७३ हजार १६८ सेक्टर. एवढ्या मोठ्या संसारात काही कप्पे खराब व्हायचेच. तसं झालं की ती बोभाटा करत नाही. कारखान्यातून निघतानाच काही राखीव सेक्टर तिच्या पदरात बांधून दिलेले असतात. खराब सेक्टरवर नव्याने काही लिहायची वेळ आली की त्याचा पत्ता ती परस्पर राखीव जागेवर वळवते. विंडोजला याची खबरही लागत नाही.

स्वतःशी मात्र हिशेब चोख. 'स्मार्ट' नावाची तिची एक रोजवही असते. पाच नंबरच्या रकान्यात आतापर्यंत बदललेले सेक्टर. १९७ नंबरच्या रकान्यात, वाचता येईनात म्हणून 'बघू पुढे' म्हणत बाजूला ठेवलेले. ही वही कोणीही मागावी, ती दाखवते. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा फुकटचा प्रोग्राम त्याला पुरतो. मागत कोणी नाही, ही गोष्ट वेगळी. आणि मागूनही दरवेळी उपयोग होतो असं नाही. गूगलने २००७ मध्ये आपल्याकडच्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी अर्ध्याहून अधिक अशा होत्या, की त्यांच्या वहीतल्या महत्त्वाच्या चारही रकान्यांत शून्य होतं. वहीलाही काही न सांगता गेल्या.

दिसायला ती चारचौघींसारखीच. अडीच इंची म्हणतात. बाहेरून मोजली तर सात सेंटिमीटर रुंद, दहा लांब, जाडी साडेनऊ मिलिमीटर, अलीकडची असेल तर सात. वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. एका अंगाला लेबल, दुसऱ्या अंगाला सर्किटची पाटी. वरच्या बाजूला एक बारीक भोक असतं आणि शेजारी इंग्रजीत तंबी असते, हे भोक झाकू नका. आत निर्वात पोकळी असते असा अनेकांचा समज आहे. हवेशिवाय तिचं चालतच नाही. भोकामागे गाळणी असते आणि त्यातून ती बाहेरच्या हवेशी दाब जुळवून घेते. आतली तबकडी, लॅपटॉपच्या डिस्कमध्ये बहुधा काचेची आणि वरून चुंबकी थर दिलेली, मिनिटाला ५४०० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला ९०. कडेचा वेग ताशी साठ किलोमीटरच्या वर जातो. एवढ्या वेगाने तबकडीबरोबर जी हवा ओढली जाते तिच्या थरावर वाचणारं हेड तरंगतं. तबकडीपासून किती वर? काही नॅनोमीटर. माणसाचा केस सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून काय ते समजा.

तिची एक सवय मला फार आवडते. वीज अचानक गेली तर फिरत्या तबकडीत जो वेग शिल्लक असतो, त्याच्यावर तिची मोटर उलट वीज निर्माण करते. तेवढ्या विजेवर ती हेड उचलून कडेच्या रॅम्पवर नेऊन ठेवते आणि मग थांबते. अंधारात पडतानासुद्धा हातातलं भांडं न सांडणाऱ्यातली ती.

घराणंही साधं नाही. मूळपुरुष १९५६ सालचा, आयबीएमचा रॅमॅक. चोवीस इंची पन्नास तबकड्या, वजन टनाच्या घरात, आणि पोटात अक्षरं किती तर पन्नास लाख. आज फोनवर काढलेला एक बरा फोटो तेवढी जागा खातो. पुढे तबकड्या लहान होत गेल्या, अक्षरं दाटीवाटीने बसू लागली आणि इतकी पुसट खूण वाचायची कशी हा प्रश्न आला. त्याचं उत्तर ज्या शोधातून निघालं तो फ्रान्समध्ये आल्बेर फेर आणि जर्मनीत पीटर ग्रुनबर्ग यांनी १९८८ च्या सुमारास वेगवेगळा लावला. २००७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल दोघांना त्यासाठी मिळालं. तुमच्या लग्नाचे फोटो आणि सोसायटीचे हिशेब ज्या हेडने वर्षानुवर्षं वाचले, त्याच्या मागे एवढं सगळं आहे.

तर अशी ही बाई शेवटी आजारी पडते तेव्हा काय होतं?

आमच्या ओळखीचे एक डीटीपीवाले काका आहेत, सदाशिव पेठेत. पुस्तकं, स्मरणिका, लग्नपत्रिका, आणि भाद्रपद लागला की दिवाळी अंक. एका वर्षी गणपती गेले आणि पितृपक्षात त्यांच्या लॅपटॉपच्या डिस्कने मान टाकली. ऐन पानं लावायची घाई. "काल रात्रीपर्यंत ठणठणीत होती हो," असं ते सगळ्यांना सांगत होते. खोदून विचारल्यावर कळलं, की फाइल सेव्ह करताना लॅपटॉप मधूनच गोठायचा, दिवा लागून राहायचा, मग सुटायचा; आणि हे चांगला महिनाभर चाललेलं. लॅपटॉप म्हातारा झाला, म्हणून काकांनी सोडून दिलं. मग एका सकाळी विंडोज वर येईना आणि आतून आवाज यायला लागला. टक्. टक्. थोडं थांबून पुन्हा टक्.

हा आवाज ओळखायला शिकावा. तबकडीवरच्या प्रत्येक मार्गावर कारखान्यातच खुणा लिहून ठेवलेल्या असतात. आपण कुठे आहोत हे हेडला त्यांच्यावरून समजतं. हेड दुबळं झालं किंवा तबकडीला ओरखडा गेला की त्या खुणा दिसेनाशा होतात. मग हात मागे फिरतो, पुन्हा पुढे येतो, पुन्हा मागे. ती चाचपडत असते. त्या चाचपडण्यात हेड टेकलं तर चुंबकी थराची पूड उडते, ती पूड हेडखाली येते आणि आणखी थर खरवडते. हाताबाहेर गेलेली डिस्क उघडून पाहिली तर आरशासारख्या तबकडीवर एक आरपार दिसणारं कडं उमटलेलं असतं. तिथला सगळा थर निघून खालची काच उघडी पडलेली असते. त्या कड्यावर जे लिहिलेलं होतं ते कोणतीही प्रयोगशाळा परत आणू शकत नाही, कितीही पैसे मोजा.

काकांची अजून तिथवर आली नव्हती. कधी सुरळीत चालू व्हायची, एखाद्या जागी अडली की टकटक सुरू. पण आपल्याकडे आजाऱ्याच्या उशाशी जमतात तसे वैद्य जमलेच. जवळच्या दुकानातल्या पोराने सवयीने चेकडिस्क लावली. चेकडिस्क ही गोष्ट निरोगी डिस्कवर विस्कटलेली फाइलव्यवस्था नीट करायला असते, आणि नीट करायची म्हणजे ती डिस्कवर लिहिते. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर तिने वाचता न आलेल्या नोंदी 'चुकीच्या' ठरवून कापून टाकल्या तर नवल नाही. थोड्या वेळाने तोच पोरगा म्हणाला, "फॉरमॅट मारून देतो, काका, एकदम नव्यासारखा होईल." हे त्याने मनापासून सांगितलं. त्याच्या लेखी लॅपटॉप दुरुस्त करायचा होता.

भाच्याने दुसरा उपाय सुचवला, पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. हा उपाय इतका जुना आहे की कोणीतरी दर वर्षी तो नव्याने सांगतो. गार झालेली डिस्क आपल्या दमट हवेत बाहेर काढली की आत पाण्याचं बाष्प धरतं, आणि जिथे हेड काही नॅनोमीटरवर उडायचं तिथे पाण्याचा थर म्हणजे संपलंच. तिसरे एकजण स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तयार होते. सुदैवाने तिचे स्क्रू चांदणीच्या खाचेचे असतात आणि एखादा लेबलखाली लपवलेला असतो. साध्या पान्याने ती उघडत नाही. घरातल्या हवेतला धुळीचा साधा कण हेडच्या उड्डाणापेक्षा हजारपट मोठा असतो. ती उघडायची ती गाळलेल्या हवेच्या बंदिस्त जागेत, हेड बदलायला, आणि त्यासाठी त्याच मॉडेलची दुसरी चांगली डिस्क बळी द्यावी लागते. धंद्यात तिला 'डोनर' म्हणतात. पाटी बदलून काम भागेल ही आशाही आता फारशी धरू नये. प्रत्येक डिस्कच्या पाटीवर एका चिपमध्ये फक्त तिच्याच हेडांची, तिच्याच तबकड्यांची मापं भरलेली असतात. ती चिप उतरवून नव्या पाटीवर बसवल्याशिवाय नवी पाटी तिला ओळखत नाही.

काका शेवटी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत आले. तिथे जिना चढून गेलं की एका लहान खोलीत डेटा काढून देणारा माणूस बसतो. मी बरोबर होतो. त्याने डिस्क हातात घेतली, लेबल वाचलं, पाटीवर काही जळलंय का ते पाहिलं आणि वीज न देता टेबलावर ठेवली.

"काका, चालू करून किती वेळा बघितलीत?"

"बघितली ना. कधी कधी चालू होते हो, म्हणून मग..."

"आता नाही करायची. काय हवंय ते सांगा."

"सगळंच हवंय."

"सगळं सगळ्यांनाच हवं असतं. आधी काय हवंय?"

मला वाटतं, या धंद्यातलं खरं कसब या प्रश्नात आहे. काकांनी बराच वेळ विचार केला. मग दिवाळी अंकाचा फोल्डर, लेखकांचे फोटो आणि मग जुनी पुस्तकं असा क्रम लागला.

त्याने डिस्क विंडोजला जोडलीच नाही. विंडोजला डिस्क दिसली की ती लगेच चौकशा सुरू करते. अँटीव्हायरस डोकावतो, फोल्डरमधल्या फोटोंची चित्रं बनू लागतात, 'दुरुस्त करू का' म्हणून खिडकी येते. आजारी डिस्कला एवढी माणसं सोसत नाहीत. त्याने लिनक्सवर जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम लावला. आंतोनियो दियाझ दियाझ याने लिहिलेला, फुकट मिळणारा, आणि माझ्या मते या क्षेत्रातला सगळ्यात शहाणा प्रोग्राम. त्याला फोल्डर कळत नाहीत, फोटो कळत नाहीत. पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत जसंच्या तसं दुसऱ्या, चांगल्या डिस्कवर उतरवून घ्यायचं, एवढंच त्याचं काम. शहाणपण आहे ते क्रमात. सोपं आधी वाचतो. कुठे अडलं की हट्ट धरत नाही. जागा टिपून पुढे उडी मारतो. चांगला भाग सगळा हाती आल्यावर मग अडलेल्या पट्ट्यांकडे वळतो, दोन्ही टोकांनी कडा छाटत आत जातो, आणि उरलेलं सेक्टर-सेक्टर करत खरवडतो. काय झालं, काय राहिलं याचा नकाशा एका फाइलमध्ये लिहीत जातो, त्यामुळे मध्येच थांबवून तिला विश्रांती दिली तरी केलेलं वाया जात नाही.

पडद्यावर बघण्यासारखं काही नसतं, आकड्यांच्या ओळी फक्त. किती उतरलं, वेग किती, खराब पट्टे किती. एका ओळीत शेवटचं यशस्वी वाचन होऊन किती वेळ झाला ते दिसतं. बराच वेळ तिथे शून्य सेकंद, शून्य सेकंद. मग आकडा चढायला लागतो. आठ सेकंद. वीस. पन्नास. आतून टक्. वेगाची ओळ मेगाबाइटवरून किलोबाइटवर येते. कोणी बोलत नाही. प्रोग्राम उडी मारतो, आकडा पुन्हा शून्यावर येतो, आणि काका खुर्चीत मागे टेकतात.

तिला बरं करायला इथे कोणी बसलेलं नसतं, हे लोकांना पटवायला फार वेळ लागतो. ती बोलते आहे तोवर लिहून घ्यायचं, तेही एकदाच. फोल्डर शोधणं, तुटलेली अनुक्रमणिका जुळवणं, चुकलं तर पुन्हा करून बघणं, हे सगळे खेळ नंतर त्या नकलेवर. नकलेला काही दुखत नाही.

काकांची नक्कल निघाली, जवळपास पूर्ण. पण जे थोडके पट्टे गेले त्यांत नेमका फाइलींच्या अनुक्रमणिकेचा एक तुकडा होता. चेकडिस्कने की ओरखड्याने, कोण सांगणार. अनुक्रमणिका नसली की माहिती जागेवर असूनही तिचं नाव-गाव राहत नाही. अशा वेळी फोटोरेक चालवतात, क्रिस्तोफ ग्रनिए या फ्रेंच माणसाचा, हाही फुकट. तो नावं विचारतच नाही. प्रत्येक जातीच्या फाइलीची सुरुवात ठरलेली असते. जेपेग फोटो असेल तर पहिले बाइट एफएफ, डी८, एफएफ. तशी सुरुवात दिसली की तो तिथून उचलतो आणि एफ अक्षरापुढे सेक्टरचा आकडा लावून फाइल ठेवून देतो. काकांच्या फोल्डरमध्ये 'फायनल', 'फायनल २', 'खरंच फायनल' अशा नावांनी एकेक लेख नांदत होता. आता आकडेच आकडे. काकांनी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि विचारलं, "यातली खरंच फायनल कुठली?"

पुढची अडचण खास आपली. एक फाइल उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरं, कंस, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हं. डेटा काढणाऱ्याचाही चेहरा पडला. त्याला वाटलं फाइल सडली. काका पहिल्यांदा हसले. "अहो, श्रीलिपीतलं आहे. फाँट टाका." युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये मराठी मजकूर खरं तर रोमन अक्षरांच्या जागी बसवलेला असतो, फाँट नसला की मुखवटा उतरतो. त्यामुळे अशा ढिगाऱ्यात 'दिवाळी' असं शोधून काही सापडत नाही. काका मात्र कोणत्या रोमन चिन्हामागे कोणतं मराठी अक्षर आहे हे सवयीने जाणत होते. ते चिन्हं सांगत गेले, तो शोधत गेला, आणि लेख एकेक करून बाहेर आले. हे काम पुढे कोण करणार, हा विचार माझ्या मनात तेव्हा आला. महाराष्ट्रातल्या छापखान्यांच्या कितीतरी डिस्क अशा मजकुराने भरलेल्या आहेत, आणि तो चिन्हांतून वाचणारी माणसं आता साठीच्या पुढची आहेत.

सगळं आलं असं नाही. एका लेखकाचा फोटो नाकापर्यंत आला, खाली करडा रंग. त्यांच्याकडून तो पुन्हा मागवला. अंक वसुबारसेच्या आत निघाला.

या घराण्याच्या चिवटपणावर विश्वास बसत नसेल तर कोलंबिया आठवा. १ फेब्रुवारी २००३ ला ते यान परतीच्या वाटेवर टेक्सासच्या आकाशात विखुरलं. कल्पना चावला त्यात होती. अवशेष गोळा करताना कोरड्या पडलेल्या एका तळ्याच्या तळाशी एक हार्डडिस्क मिळाली. तिच्यात झेनॉन वायूच्या विष्यंदितेवरच्या प्रयोगाची निरीक्षणं होती. काही पृथ्वीवर आधीच पाठवलेली, बाकीची फक्त तिच्यापाशी. पाटी जळालेली, प्लास्टिक वितळलेलं. अमेरिकेतल्या क्रोल ऑनट्रॅक या कंपनीच्या माणसांनी तबकड्या काढून साफ केल्या, नव्या सांगाड्यात बसवल्या आणि जवळपास सगळी माहिती मिळवली. २००८ मध्ये तिच्यावरचा शोधनिबंध 'फिजिकल रिव्ह्यू ई' मध्ये आला. आकाशातून पडलेली वाचली. अर्थात तिला खाली आल्यावर कोणी चेकडिस्क लावली नव्हती.

आता नव्या लॅपटॉपमध्ये ती नसते. तिच्या जागी एसएसडी आली आहे. वेगवान, धक्क्याला न भिणारी, आणि अबोल. ही टकटक करत नाही; आदल्या क्षणापर्यंत चालू आणि पुढच्या क्षणी लॅपटॉपला दिसतच नाही. जुनीवर फाइल डिलीट केली तरी मजकूर तबकडीवर पडून असायचा, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. एसएसडीला विंडोज ट्रिमचा हुकूम देऊन सांगते की ही जागा आता नको, आणि ती थोड्याच वेळात जागा खरोखर रिकामी करते. चुकून पुसलेलं परत आणायचा जुना मार्ग तिथे बहुधा बंद होतो. वर अनेक नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर आपणहून चालू असतो; त्याची ४८ आकडी चावी हाताशी नसेल तर उत्तम नक्कल निघूनही आत फक्त अर्थहीन बाइट मिळतात.

म्हणून बॅकअपचं मी वेगळं सांगत नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे आणि तुम्ही घेतलेला नाही. निदान एवढं करा. बिटलॉकरची चावी कागदावर लिहून कपाटात ठेवा. डिस्क अडखळायला लागली, टकटकायला लागली, तर लॅपटॉप तिथेच बंद करा. 'एकदा शेवटचं बघतो' म्हणून पुन्हा चालू करू नका. शंभर टक्के डेटा काढून देतो असं जो डिस्क न पाहताच सांगेल त्याच्या दुकानातून बाहेर पडा. आणि जो नीट माणूस सापडेल त्याच्याकडे जाताना, आधी काय हवंय त्याची यादी घेऊन जा.